उचल : भट्टीवरची आणि कार्डावरची

जव्हारच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना व्याजाचा विषय निघाला, की मी वर्गाला एक प्रश्न हमखास विचारतो : तुमच्या घरी कोणी कर्ज काढले आहे काय? बहुतेक हात खालीच राहतात. मग मी विचारतो, उचल कोणी घेतली आहे? आता निम्म्याहून अधिक हात वर जातात. हे दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत, हे पटवून देण्यात तासाचा उरलेला वेळ जातो. उचलीला व्याज नसते, म्हणून ते कर्ज नव्हे, अशी मुलांची प्रामाणिक समजूत असते. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने उलट मलाच विचारले, "सर, उचलीला व्याज नसते, तर मग ती फेडायला अख्खा मोसम का लागतो? आणि तरीही ती फिटत का नाही?" इतका नेमका प्रश्न मी पाठ्यपुस्तकांतही क्वचितच वाचला आहे.

तो मुलगा पुढे एका कार्यालयात लिपिक झाला. घराण्यातला पहिलाच पगारदार. गेल्या कार्तिकात तो घरी आला तो हातात एक कागद घेऊन. क्रेडिट कार्डाचे मासिक बिल होते ते. आषाढात काका आजारी पडले, घरात दाणा नव्हता, आणि नेहमीप्रमाणे भट्टीच्या मुकादमाकडून बयाणा घेण्याची वेळ आली होती. काकांना त्या फेऱ्यात पुन्हा पडू द्यायचे नाही म्हणून याने एटीएममधून कार्डावर वीस हजार रुपये काढून दिले. त्यानंतर दरमहा बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' तो न चुकता भरत आला. पाच महिन्यांत सुमारे ५ हजार २०० रुपये भरून झाले होते, आणि बाकी मात्र साडेएकोणीस हजारांच्या आसपास उभीच होती. "सर, ही का फिटत नाही?" त्याने विचारले. प्रश्न जुनाच होता. विचारणारा तेवढा वर्गातून कचेरीत गेला होता.

बँकांच्या इंग्रजी कागदपत्रांत या व्यवहाराला जे नाव आहे, त्याचे सरळ मराठी भाषांतर 'रोख उचल' असेच होते. हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे, असे मला वाटते. म्हणून या दोन उचलींचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा, हा या लेखाचा हेतू.

प्रथम भट्टीवरची उचल. जव्हार आणि मोखाडा हे तालुके २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, त्यानंतर पालघरमध्ये आले. डोंगरउताराची जमीन, भात, नागली आणि वरई यांचे एकच पीक, पाऊस भरपूर पण दिवाळीनंतर पाण्याचीच ओरड, ही येथील शेतीची स्थिती जिल्हा बदलल्याने बदललेली नाही. सुगी आटोपली, की वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा कुटुंबे 'जगायला' जातात. कामाला जातो असे ते म्हणत नाहीत, जगायला जातो असे म्हणतात. भिवंडी, वसई, कल्याण, पनवेल या पट्ट्यातील वीटभट्ट्या ही त्यांची नेहमीची ठिकाणे. निघण्यापूर्वीच, पुष्कळदा त्याच्याही आधी पावसाळ्यात, मुकादम घरी येऊन बयाणा देऊन गेलेला असतो. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. तीत मीठमिरची, तांदूळ आणि दुखलेखुपलेले भागवायचे. हजार विटांमागे ठरलेल्या दराने मोसमाच्या शेवटी हिशेब होतो, त्यातून बयाणा आणि खर्ची वजा होते. पावसाच्या तोंडावर हाती जे उरते ते घेऊन माणसे परततात; उरले नाही, उलट अंगावर काही राहिले, तर ते पुढच्या मोसमाच्या नावे पडते.

या व्यवहारात व्याजाचा आकडा कोठेच नाही. परंतु व्याज नाही असे मात्र नाही. उचल घेतलेल्या मजुराला दुसरीकडे अधिक मजुरी मिळत असली तरी जाता येत नाही. दर घासाघीस करून ठरवता येत नाही. मोसम संपण्यापूर्वी गावी परतता येत नाही, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. बाजारातील मजुरी आणि त्याला मिळालेली मजुरी यांत जो फरक पडतो, तेच त्या उचलीचे व्याज. ते कागदावर लिहिलेले नसल्यामुळे कोणी मोजत नाही, एवढेच. वेठबिगार पद्धती नष्ट करणाऱ्या १९७६ च्या केंद्रीय कायद्याने हे नेमके ओळखले होते. रोख असो वा वस्तुरूप, उचलीच्या बदल्यात ज्याचे काम निवडण्याचे वा कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य जाते तो वेठबिगार, आणि त्याच्या डोक्यावरचे ते देणे फेडण्याची जबाबदारी संपली, असे तो कायदा सांगतो. कायदा होऊन अर्धशतक होत आले. उचल गेलेली नाही. कारण तिची गरज गेलेली नाही.

ही गरज आषाढ-श्रावणातली आहे. कणगी रिकामी, आवणीची घाई, आणि रोकड शून्य. पूर्वी या दिवसांत व्यापारी धान्य वा रोकड देई आणि सुगीला ते देणे धान्याच्या रूपाने, दिढीने वा दुपटीने वसूल करी. याला पालेमोड म्हणत. याच टंचाईच्या दिवसांसाठी शासनाने १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू केले. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, तेव्हा त्या मृत्यूंच्या मुळाशी हेच भुकेचे महिने होते. मध्यंतरी काही वर्षे बंद असलेली खावटी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, एका वर्षापुरती अनुदान म्हणून पुन्हा जाहीर झाली : कुटुंबामागे ४ हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूप. चांगलेच झाले. पण भूक एका वर्षापुरती नसते.

पालेमोडीचा दर काय पडे? दिढीचा हिशेब घ्या. आषाढात मणभर घेतले, कार्तिकात दीड मण दिले. पाच महिन्यांत शेकडा पन्नास, म्हणजे महिन्याला शेकडा दहा. कार्तिकात धान्य स्वस्त असते, तेव्हा रुपयांत मोजल्यास हा दर काहीसा उतरतो हे खरे. परंतु जेथे रोकड देऊन पडत्या भावाने धान्य उचलले जाई, तेथे तो चढतही असे. हा महिन्याचा शेकडा दहाचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता कार्डावरची उचल पाहू. शिक्षक, लिपिक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या पाकिटांत आता हे कार्ड असते. त्यावर दुकानात खरेदी केली आणि बिल मुदतीत पूर्ण भरले, तर व्याज लागत नाही. ही सवलत रोख रकमेला नसते, आणि नेमकी येथेच पुष्कळांची फसगत होते. एटीएममधून कार्डावर पैसे काढले, की त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. बिल येण्याची वाट ते पाहत नाही. दर बँकेबँकेचा निराळा. परंतु महिन्याला शेकडा साडेतीन वा त्याहून थोडा अधिक हा नेहमीचा आकडा आहे. याशिवाय पैसे काढण्याचेच शुल्क असते. रकमेच्या अडीच टक्के, पण कमीत कमी ५०० रुपये, असे अनेक दरपत्रकांत आढळते. आणि व्याज व शुल्क या दोहोंवर १८ टक्के वस्तू व सेवा कर.

हे आकडे सुटेसुटे वाचले तर भीती वाटत नाही. बेरीज केली म्हणजे वाटते. दहा हजार रुपये तीस दिवसांसाठी काढले असे समजा. शुल्क ५०० रुपये, व्याज ३५० रुपये, त्यांवरील कर १५३ रुपये. एकूण १ हजार ३ रुपये. महिन्याला शेकडा दहा! ज्या पालेमोडीला आपण अर्धशतकापूर्वी पिळवणूक म्हटले आणि जिच्याविरुद्ध शासनाला योजना आखावी लागली, तिच्या दिढीचाच हा दर. फरक एवढाच, की तेथे व्यापाऱ्याची ओसरी होती, येथे वातानुकूलित काचेची खोली आहे.

याहून विचित्र गोष्ट अशी, की गरज जितकी लहान तितका दर मोठा. वीस हजार काढले, तर महिन्याचा खर्च १ हजार ४१६ रुपये, म्हणजे शेकडा सात. दोनच हजार काढले, तर ५०० रुपये शुल्क, ७० रुपये व्याज आणि सुमारे १०३ रुपये कर मिळून ६७३ रुपये, म्हणजे शेकडा तेहतीसहून अधिक! पगार होईपर्यंतचे आठ दिवस ढकलण्यासाठी दोन हजार काढणाऱ्या माणसाला आपण दोन हजारांवर सहाशे रुपये मोजत आहोत, हे त्या क्षणी कोणी सांगत नाही. यंत्राच्या पडद्यावर 'आपला व्यवहार पूर्ण झाला' एवढेच उमटते.

आता माझ्या विद्यार्थ्याचे कोडे. वीस हजार काढल्यावर पहिल्याच बिलात शुल्क, व्याज आणि कर धरून बाकी २१ हजार ४१६ झाली. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १ हजार ७१ रुपये. पुढे दरमहा व्याज आणि त्यावरील कर मिळून बाकीच्या सव्वाचार टक्क्यांच्या जरा आत पडत गेले. भरणा पाच टक्के, व्याज व कर चार टक्क्यांवर. मग मुद्दल फिटणार ते काय? पाच महिन्यांत ५ हजार २०० रुपये गेले आणि मूळ वीस हजारांतले जेमतेम ५०० रुपये कमी झाले. 'किमान देय' या शब्दांचा अर्थ त्याने 'एवढे भरले की पुरे' असा घेतला. खरा अर्थ 'एवढे भरले तर आपण थकबाकीदार ठरणार नाही' असा आहे. भट्टीवरची बाकी पुढच्या मोसमाच्या नावे पडते, तशी ही पुढच्या महिन्याच्या नावे पडत राहते. शिवाय मागील बिलाची बाकी उभी असली, की त्या कार्डावरील नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्याने दिवाळीला घेतलेल्या कपड्यांवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढले होते.

बँका हे का करतात? त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. दुकानातील खरेदीवर बँकेला दुकानदाराकडून काही मिळते. रोख रकमेवर ते मिळत नाही. कर्जाला तारण नसते. आणि कार्डावर रोकड काढायला येणारा माणूस बहुधा अडचणीत असतो, त्यामुळे त्याच्याकडे पैसे बुडण्याचा धोका अधिक, असे बँकेचे गणित असते. युक्तिवाद खोटा नाही. पण अगदी हाच युक्तिवाद जुना सावकारही करीत असे : तारण नाही, पाऊस पडेल न पडेल, माणूस जगायला गेला तर परतेल न परतेल. धोक्यापोटी काही जादा दर समजू शकतो. परंतु धोका किती आणि अडलेल्याची अगतिकता किती, हे दरातून वेगळे काढता येत नाही. ज्याला दुसरा दरवाजा नाही, त्याच्याकडून पहिल्या दरवाज्यावर वाटेल ते घेता येते.

आपल्या राज्यात परवानाधारक सावकाराला दराची मर्यादा आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ मध्ये आला आणि त्याखाली दर ठरले : शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. चक्रवाढीला मनाई आहे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, म्हणजे आपला जुना दामदुपटीचा नियमही शाबूत आहे. बेकायदा सावकारी याहून कितीतरी महाग असते हे खरे. पण निदान ती बेकायदा आहे. बँकांना हा कायदा लागू नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. त्याला पुढे स्थगिती मिळाली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतला आहे, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. परिणाम मात्र असा, की गावातल्या सावकाराने वर्षाला १९ टक्के घेतले तर तो गुन्हेगार, आणि कार्डावर वर्षाला ४२ टक्के, शुल्क व कर वेगळे, हा शिष्टसंमत व्यवहार.

निदान किंमत तरी ठळक सांगावी, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी सर्व आकार धरून वार्षिक दर सांगणारे विवरण बंधनकारक केले. स्वागतार्ह पाऊल, पण क्रेडिट कार्डाची येणी त्यातून वगळली आहेत. कार्डाच्या पत्रकात वार्षिक व्याजदर छापलेला असतो, शुल्क दुसऱ्या ओळीत, कर तिसऱ्या. तिन्हींची बेरीज करण्याचे काम अडलेल्या माणसावर सोपवलेले असते. एटीएमच्या पडद्यावर पैसे बाहेर येण्यापूर्वी 'या रकमेचा एका महिन्याचा खर्च इतके रुपये' अशी एक ओळ, मराठीत, दाखवायला कोणते अवघड तंत्रज्ञान लागते? आणि ग्राहकाने मागितल्याशिवाय रोख उचलीची सोय कार्डावर सुरूच ठेवू नये, असा नियम का असू नये?

तोवर आपण काय करावे? कार्डावर रोकड कधीच काढू नये, असे मी म्हणणार नाही. मोखाड्याहून रात्री दोन वाजता रोग्याला नाशिकला न्यावे लागले, तर त्या वेळी दराचा विचार करीत बसणारा माणूस शहाणा नव्हे. पण तेथेही शक्य असेल तर रोकड न काढता रुग्णालयाचे बिल थेट कार्डाने द्यावे. त्यास बिनव्याजी मुदत मिळते. रोकड काढावीच लागली, तर बिलाची वाट न पाहता पुढच्या आठ-दहा दिवसांत पूर्ण रक्कम परत भरावी. शुल्क गेले तरी व्याज थांबते. आणि बाकी अंगावर चढली असेल, तर पगारदारांच्या पतसंस्थेतून वा बँकेतून कमी दराचे कर्ज घेऊन कार्ड एकदम रिकामे करावे. माझ्या विद्यार्थ्याने शेवटी तेच केले. त्याच्या कार्यालयातील पतपेढीत आकस्मिक कर्जाची सोय होती. पण अर्ज, जामीनदार आणि सभेची तारीख यांच्या भीतीने तो आधी तिकडे फिरकलाच नव्हता.

येथे पतपेढ्यांच्या संचालकांनीही विचार केला पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीस लागलेल्या शिक्षकाला भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढता येत असे, आणि अडीनडीला तोच मोठा आधार असे. त्यानंतर लागलेल्यांना तो आधार तसा उरला नाही. नव्या पिढीला कार्ड तीन मिनिटांत पैसे देते आणि आपली पतपेढी तीन आठवड्यांत, तर दोष केवळ पिढीच्या उतावळेपणाला देता येणार नाही. पंचवीस हजारांपर्यंतचे कर्ज एका दिवसात मिळेल अशी व्यवस्था केली, तर कार्डाच्या रोख उचलीला खरा पर्याय उभा राहील.

पण जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न पगारदाराशी संपत नाही. येथे पहिल्या पिढीचा पगारदार हीच साऱ्या भावकीची बँक असते. बियाणे, औषध, लग्न, बाळंतपण, कशालाही हात त्याच्याकडेच पसरला जातो, आणि नाही म्हणणे त्याला शोभत नाही, शोभूही नये. आषाढात खावटी वेळेवर पोचली नाही, रोजगार हमीची मजुरी महिनोन्महिने अडकली, की ती तूट कोणीतरी भरून काढतो. पूर्वी ती व्यापारी भरी, मग भट्टीचा मुकादम भरू लागला, आणि आता पुतण्याच्या खिशातील कार्डही त्या रांगेत येऊन उभे राहिले आहे. म्हणजे सरकारी दिरंगाईचे व्याज आजचा तरुण लिपिक महिन्याला साडेतीन टक्क्यांनी भरतो आहे. खावटी आषाढापूर्वी हाती पडणे आणि मजुरी केल्या कामाच्या पंधरवड्यात मिळणे, या दोन गोष्टी घडल्या तर दोन्ही उचलींची निम्मी गरज नाहीशी होईल, असे मला निश्चित वाटते.

विद्यार्थी जाताना म्हणाला, "सर, काकांना मी भट्टीतून सोडवले, पण स्वतः बांधला गेलो." मी त्याला म्हटले, तू सुटशील, कारण तुझ्या उचलीचा हिशेब कागदावर तरी आहे आणि तुला तो वाचता येतो. काकांच्या उचलीचा कागदच नाही. तेव्हा आता काकांबरोबर बसून तोही मांड : किती बयाणा घेतला, किती विटा पाडल्या, खर्ची किती, बाजारात मजुरी काय होती. यंदा वर्गात मी व्याजाचा धडा त्याच गणिताने सुरू करणार आहे.